उधारीच्या वहीतला गिरणगाव

गिरणगावातल्या रस्त्यांना आता थोरांची नावं आहेत. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला. फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यात कामगारही आहेत. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेला बाबू गेनू महाळुंगे पडवळचा आणि गिरणीतला, हे शाळेतलं पोरही सांगेल. यात मला काही वावगं वाटत नाही. मला एवढंच विचारायचं असतं, की ही माणसं जेवत कुठे होती?

आमच्या चाळीतली माझ्या आजीकडे जेवायची. बाकीची तिच्यासारख्याच आणखी बायकांकडे. सातारा-रत्नागिरीकडून आलेला गडी बायकापोरं गावी ठेवून यायचा. गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत त्याला एक ट्रंक ठेवण्यापुरती आणि पाठ टेकण्यापुरती जागा मिळायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. अशा खोलीत चूल कोण पेटवणार? म्हणून खाणावळ.

आजी आधी स्वतः गिरणीत, वाइंडिंग खात्यात होती. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई असे. बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आधीपासून होतीच, पुढे १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, नवी यंत्रं आली. आणि मालकांना बायका महाग वाटू लागल्या. संरक्षणाचे कायदे झाले आणि ज्यांचं संरक्षण करायचं त्याच हळूहळू बाहेर पडत गेल्या. आजीची पाळी पन्नासच्या दशकात आली. तिने त्याच महिन्यात दोन मोठी पातेली आणि एक काटवट आणली.

आमची खोली दहा बाय बाराची. जेवणारे तीस-बत्तीस. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. त्यामुळे आमच्या घराला दुपार-संध्याकाळ अशी नव्हतीच. होता तो भोंगा. पहाटे चारला शेगडी पेटायची. घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कालवण, कोकणातल्यांना भात लागायचा, आणि दोघेही एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवायचे. ज्याला पाळीमुळे येता येत नसे त्याचा डबा गिरणीच्या गेटवर पोचवायचा. ते काम माझं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढून १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, याचे धडे मी पुढे शाळेत शिकवले. आजीला मात्र रविवारसारखा जड वार दुसरा नव्हता. सुट्टीमुळे सगळे एकदम जेवायला, वर मटण.

आजीला लिहिता येत नव्हतं. पाचवीपासून वही मी लिहिली. ती सांगायची तशी नावं: 'पाटणचा तात्या, त्रासन, रातपाळी', 'सांगलीवाला, साचा', 'थोरला मास्तर, बदली'. त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं, साचा म्हणजे मागाचं. आडनाव क्वचितच. पुढे तीस रकाने. जेवला तर रेघ, गावी गेला तर खाडा. खाड्याचे पैसे कापून महिन्याचा हिशोब.

ही वही उधारीचीच असायची, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. चालू महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेला व्हायचा. म्हणजे गावाहून आलेल्या पोराला मुकादमाने पहिल्याच दिवशी कामावर घेतलं तरी हातात पैसे पडेपर्यंत दीड महिना जायचा. बदलीवाल्याचे हाल तर विचारू नका; रोज गेटवर उभं राहायचं, नंबर लागला तर काम. तोवर त्याला जेवू कोण घालणार? मालक नाही, युनियन नाही. खाणावळवाली घालायची. ती वाण्याकडून उधार आणायची, वाण्याचं थकलं की पाटल्या गहाण टाकायची. गिरण्यांना लागणारी माणसं अशी बायकांच्या उधारीवर पोसली गेली, असं मी म्हटलं की आमच्या काही कॉम्रेड मंडळींना ते अतिशयोक्तीचं वाटतं. त्यांनी हिशोब मांडून दाखवावा.

एक गोष्ट मात्र वहीत नाही, ती सांगायला हवी. दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. ते स्वतः परळच्या चाळीत राहत. बहिष्कृत हितकारिणी सभेची पहिली बैठक १९२४ साली तिथल्याच दामोदर हॉलमध्ये झाली. आणि तरीही, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर आजीच्या पंगतीत आमच्याच जातीचे आणि आसपासच्या जातींचे लोक होते. कुणाला तिने दारातून परत पाठवल्याचं मला आठवत नाही. पण परत पाठवायची वेळच येत नसे. कुणी कुठे जेवायचं हे माणूस मुंबईत उतरायच्या आधीच ठरलेलं असायचं. गिरणगावच्या एकजुटीच्या गोष्टी सांगताना ही पंगत विसरू नये.

संप झाला की खाणावळ बंद ठेवता येत नसे. ती बंद केली तर माणसं गावी जातात आणि थकलेले पैसेही त्यांच्याबरोबर. १९२८चा संप सहा महिने चालला तो लाल बावट्याच्या जोरावर, हे खरंच. पण तेव्हाही कुणीतरी रोज पीठ मळत होतंच. १९७४च्या संपाने आमच्या आसपासच्या कितीतरी जणी सावकाराच्या दाराशी गेल्या. हे पाहूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोवा मुक्तिसंग्रामात गोळी खाल्लेली ही बाई खाणावळवाल्यांना घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. तारण काय, तर एकमेकींची हमी. आजीला बँकेची पायरी चढायची लाज वाटायची, गेली तीही. त्या कर्जातून तिने पाटल्या सोडवल्या आणि नंतर वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझ्या वहीत मार्चपर्यंत रेघा नेहमीसारख्या आहेत. एप्रिलपासून खाडे वाढतात, गणपतीला गेलेले बरेच जण परतत नाहीत. दिवाळीनंतरच्या पानांवर सात-आठ नावं उरतात, आणि त्यांच्यापुढच्या आकड्यांना मी बेरीजही केलेली नाही. आजीने करू दिली नाही. 'मागून काय मिळनार हाय,' म्हणाली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तशी आमची वहीही बंद झालेली नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, पात्रतेची तारीख लागली १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा हवा. अर्ज लाखाच्या वर आले. खाणावळवाल्यांचा प्रश्नच नव्हता, त्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हत्या.

त्या धावपळीत पाटणकडचा एक मध्यमवयीन माणूस माझ्याकडे आला. वडील वारले होते, कागद पुरात गेले होते, आणि कुणीतरी सांगितलं होतं की बाईंकडे वही आहे. मी पान काढून दिलं. खातं होतं, पाळी होती, गिरणीचं नाव नव्हतं. तेव्हा ते लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. पण त्यांचा डबा मी नेलेला, त्यामुळे गेट कुठलं ते मला सांगता आलं. ही वही पुरावा म्हणून चालणार नाही, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर शोध, विम्याचं कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे का बघ, असंही बजावलं. त्याने मान डोलावली. मग वडील किती भाकऱ्या खायचे, ते त्याने विचारलं. चार, मी म्हटलं, आणि पगाराच्या दिवशी पाच. पानाची झेरॉक्स घेऊनच तो गेला.