जालन्याच्या मुलुखातले स्कॉटलंड

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलापुढे ब्रिटनचा नकाशा पसरताना शिक्षक बहुधा लंडनपासून आरंभ करतात. थेम्स नदी, राजवाडा आणि पार्लमेंट एवढे पाठ झाले म्हणजे देश आटोपला, असा विद्यार्थ्याचा समज होतो, आणि उत्तरेचे स्कॉटलंड, पश्चिमेचे वेल्स व समुद्रापलीकडील उत्तर आयर्लंड हे मुलूख परीक्षेतल्या एखाद्या प्रश्नापुरते उरतात. जालना–मंठा रस्त्यावरील वाटूरच्या विद्यार्थ्याला हा धडा याहून चांगल्या रीतीने देता येईल. वाटूर ज्या परतूर तालुक्यात येते, तो १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणीकडे होता. १९४८पर्यंत येथे अंमल निजामाचा, दफ्तर उर्दूचे आणि इंग्रजी हे लांबचे प्रकरण. तरीही ब्रिटनचे भूगोलवर्णन याच जिल्ह्याच्या मातीत कोरलेले आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी या जिल्ह्यातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची गाठ पडली. वाटाड्ये उतार नाही म्हणत असता, दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क बांधून ज्याने केळणेत सैन्य घातले, तो आर्थर वेलस्ली आयर्लंडात जन्मलेला होता. त्याच्या बहुसंख्य पलटणी मद्रासी शिपायांच्या. गोऱ्या पायदळाच्या दोन, ७४वी व ७८वी, आणि त्या दोन्ही स्कॉटलंडच्या. त्यांतील ७४वी वाट चुकून असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि तिची अक्षरशः चाळण झाली. समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन हा जर्मनीतील हॅनोव्हरचा. गंमत अशी, की लंडनच्या तख्तावरील तिसरा जॉर्जही हॅनोव्हरच्याच घराण्यातला होता!

त्या दिवशी वेलस्लीजवळ विशीतला एक मुलकी अंमलदार होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो स्कॉटिश, त्याच्यामागून मुंबईच्या गव्हर्नरीवर आलेला माल्कम स्कॉटिश, साताऱ्यास राहून मराठ्यांच्या इतिहासाची सामग्री जमविणारा ग्रँट डफही स्कॉटिश. १७०७ साली इंग्लंड-स्कॉटलंडच्या पार्लमेंटांचे एकीकरण झाल्यावर स्कॉटलंडातील शिकलेल्या, पण घरी जमीनजुमला बेताचाच असलेल्या तरुणांना कंपनीची नोकरी हा मोठाच आधार वाटू लागला होता. आमच्या आजोबा-पणजोबांनी या साऱ्यांना सरसकट इंग्रज ठरवून टाकले, आणि साहेबापुढे अर्ज घेऊन उभे राहणाऱ्याला त्याच्या मूळ गावाची चौकशी करण्याचे कारण तरी काय होते?

अंमलदारांची जी गोष्ट, तीच मिशनऱ्यांची. १८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत फूट पडून फ्री चर्च निघाले आणि मुंबईतील विल्सन, नेस्बिट आदी स्कॉटिश मिशनरी तिकडे गेले. त्याच वर्षी नेस्बिटकडून नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती दीक्षा घेतली. पुढे शेषाद्रींनी जालन्यास येऊन शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. तिला जमीन मिळाली निजाम सरकारकडून, दिवाण सालारजंगाच्या कारकिर्दीत, चर्च स्कॉटलंडचे, पाद्री मराठी. इंग्लंड त्यात कोठेच नव्हते.