उंची-प्रतिमाने, जागतिक अंकीय

भूपृष्ठावर समान अंतराने आखलेल्या काल्पनिक जाळीच्या प्रत्येक चौकटीची समुद्रसपाटीपासूनची उंची एका अंकाने दर्शविणाऱ्या संगणकीय मांडणीस अंकीय उंची-प्रतिमान म्हणतात. समोच्चतादर्शक नकाशात उंची केवळ रेषांवर दिलेली असते. दोन रेषांमधील भूमीविषयी वाचकाला अंदाज करावा लागतो आणि आपण अंदाज करीत आहोत याची त्याला जाणीव असते. प्रतिमानात हा अंदाज आधीच केलेला असून तो प्रत्यक्ष मोजमापासारखाच दिसतो. धरणाचे बुडीत क्षेत्र, पुराचा विस्तार, भरतीची मर्यादा इ. गोष्टींचे गणित या अंकांवर उभे असल्याने त्यांच्या विश्वसनीयतेला महत्त्व आहे.

संपूर्ण भूभागाचे सर्वत्र वापरले गेलेले पहिले प्रतिमान अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९६ मध्ये पूर्ण केलेले ‘जीटोपो ३०’ हे होय. त्याची चौकट ३० कोनीय सेकंदांची, म्हणजे विषुववृत्तावर सु. १ किमी. होती. ते नव्याने मोजलेले नसून निरनिराळ्या देशांचे नकाशे व उपलब्ध सामग्री एकत्र सांधून केलेले होते. त्यामुळे त्याची अचूकता प्रदेशागणिक बदले. सह्याद्रीच्या कड्यासारखी काहीशे मीटरांची उभी उतरण अशा एका चौकटीत विरून जाते.

खरी क्रांती फेब्रुवारी २००० मध्ये झाली. ११ फेब्रुवारी रोजी सोडलेल्या ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने एक रडार आकाशक आपल्या कक्षात व दुसरा ६० मी. लांबीच्या दांड्याच्या टोकाशी ठेवून, दोहोंकडे परतणाऱ्या तरंगांच्या व्यतिकरणावरून ११ दिवसांच्या उड्डाणात ६०° उ. ते ५६° द. या अक्षवृत्तांमधील भूमी, म्हणजे पृथ्वीवरील सु. ८०% भूभाग मोजला. या मोहिमेच्या इंग्रजी नावावरून तिचे प्रतिमान ‘एसआरटीएम’ म्हणून ओळखले जाते. एकच उपकरण, एकच पद्धत व एकच काळ यांमुळे खंडांची परस्परांशी तुलना प्रथमच अर्थपूर्ण झाली. ९०% ठिकाणी चूक १६ मी.च्या आत राहावी अशी अपेक्षा होती. पुढील तपासणीत ती खंडपरत्वे सु. ६ ते ९ मी. आढळली. उणिवाही होत्या : उंच पर्वतांच्या रडारछायेत व काही वाळवंटांत माहिती रिकामी राहिली आणि दांड्याच्या सूक्ष्म हालचालींमुळे लांब पट्टे उमटले. मोजणी ३० मी.ची असूनही अमेरिकेबाहेरील वाचकांना अनेक वर्षे केवळ ९० मी.ची आवृत्ती मिळत होती, ३० मी.ची आवृत्ती खुली करण्याची घोषणा २०१४ मध्ये झाली. उपलब्ध गुणवत्ता केवळ तंत्रावर अवलंबून नसते, ती धोरणावरही अवलंबून असते.

जपान व अमेरिका यांचे ‘ॲस्टर’ प्रतिमान (२००९, तिसरी आवृत्ती २०१९) प्रकाशीय जोडचित्रांवरून काढलेले आहे. ते ८३° अक्षवृत्तांपर्यंत पोहोचते, परंतु ढगांमुळे त्यात खोटे खळगे व उंचवटे येतात. ‘आलोस’ या जपानी उपग्रहाच्या चित्रांवरील प्रतिमान त्याहून पुष्कळच सरस ठरले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट–१ च्या जोडचित्रांवरून भारतापुरते असेच प्रतिमान तयार झाले. जर्मनीच्या ‘टॅनडेम–एक्स’ मोहिमेत एकमेकांजवळून उडणाऱ्या दोन उपग्रहांनी दांड्याची गरजच नाहीशी केली. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या या १२ मी.च्या प्रतिमानात ९०% ठिकाणी चूक सु. ३·५ मी.च्या आत आहे. घनदाट झाडी व बर्फ वगळल्यास ती १ मी.हूनही कमी भरते. त्यावरूनच यूरोपचे ‘कोपर्निकस’ प्रतिमान सिद्ध झाले असून त्याची ३० मी.ची आवृत्ती खुली आहे.

दोन प्रतिमाने वजा करून फरकाची सरासरी काढणे ही तुलनेची सोपी पण फसवी रीत होय. प्रथम दोघांचा आधारपृष्ठ एकच आहे काय, हे पाहावे लागते. काही प्रतिमाने उंची पृथ्वीच्या गणिती विवृत्ताभापासून देतात, तर काही जिऑइडपासून, म्हणजे खंडांखालून कल्पनेने वाढविलेल्या सरासरी समुद्रपातळीपासून देतात. मुंबईच्या किनाऱ्याजवळ हे दोन पृष्ठ एकमेकांपासून ६० मी.हून अधिक दूर आहेत. दुसरी बाब काळाची. २००० व २०१०–१५ या दोन मोजण्यांमधील हिमालयीन हिमनद्यांवरचा फरक ही बव्हंशी चूक नसून वितळलेल्या बर्फाची नोंद आहे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची : नेमका कोणता पृष्ठभाग मोजला? छायाचित्रात झाडांचे शेंडे व इमारतींची छपरे दिसतात. रडारचे तरंगही पर्णछत्रातूनच पुष्कळ अंशी परततात. डोंगराळ प्रदेशात २ मी.ची चढ नगण्य असते. सपाट किनाऱ्यावर मात्र तेवढ्यात गावेच्या गावे कोरडी वा जलमय ठरतात. व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाची सरासरी उंची समुद्रपातळीवर सु. २·६ मी. धरली जात असे. स्थानिक भूमापन व स्थानिक समुद्रपातळी यांच्या आधारे २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात ती केवळ सु. ०·८ मी. निघाली. या दोन आकड्यांतील अंतर एका शतकातील संभाव्य समुद्रपातळीवाढीहूनही मोठे असू शकते. त्याच वर्षी स्कॉट कल्प व बेंजामिन स्ट्रॉस यांनी एसआरटीएममधील किनारी चूक संगणकीय पद्धतीने दुरुस्त केली, तेव्हा २१०० सालच्या अपेक्षित भरतीरेषेखाली आज राहणाऱ्या लोकांची जागतिक संख्या पूर्वीच्या अंदाजाच्या सु. तिप्पट भरली. त्यांची दुरुस्ती अमेरिकी किनाऱ्यावरील लेसर-मोजणीवरून घडविलेली असल्याने अन्य देशांतील आकडे जपूनच वापरावेत. पण चुकीची दिशा निर्विवाद आहे.

एकाच आकड्याने दर्जा ठरविण्याची अडचण ओळखून पृथ्वी-निरीक्षण उपग्रह समितीच्या छत्राखाली ‘डेमिक्स’ हा तुलना-उपक्रम २०२० मध्ये सुरू झाला. त्यात विमानातून केलेली लेसर-मोजणी प्रमाण मानून उंची, उतार व खडबडीतपणा यांबाबत प्रतिमानांची क्रमवारी लावतात; मद्यस्पर्धेत परीक्षक नमुने लावतात, त्याच सांख्यिकीय धर्तीवर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३० मी.च्या खुल्या प्रतिमानांत कोपर्निकस वरच्या व ॲस्टर तळाच्या क्रमांकावर आहे. कोपर्निकसमधून झाडी व इमारती वजा करून ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये ‘फॅबडेम’ प्रसिद्ध केले. मात्र काही मीटर रुंदीचे मातीचे बांध ३० मी.च्या चौकटीत नीट उमटत नाहीत. कोकणातील खाजण जमिनींसारख्या बांधांनी राखलेल्या क्षेत्रांसाठी बांधांच्या माथ्याची उंची आजही जमिनीवरूनच मोजावी लागते.