विटलेला हिरवा

पाठचिकित्सा शिकवताना 'मूळ पाठ' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या विश्वासाने उच्चारत आलो. त्या विश्वासाला तडा गेला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमानांच्या रंगाचा इतिहास वाचताना.

१९४२-४३ मध्ये अमेरिकी लष्करी हवाई दलाची बहुतेक बाँबफेकी विमाने वरून 'ऑलिव्ह ड्रॅब' व खालून करडी रंगवलेली असत. ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे मातकट हिरवा. त्याचे प्रमाण नमुने ठरलेले होते. परंतु कारखान्याबाहेर पडलेले विमान त्या नमुन्याशी फार काळ इमान राखत नसे. उन्हातील अतिनील किरणांमुळे रंगद्रव्याला धरून ठेवणारी राळ झिजते, सुटे कण खडूच्या भुकटीसारखे पृष्ठभागावर उरतात आणि रंग फिकटतो. शिवाय सर्व रंगद्रव्ये सारख्याच वेगाने विटत नाहीत. त्यामुळे हिरवेपणा ओसरून तो रंग तपकिरीकडे झुके. बी-१७ विमानाचे सुकाणू कापडाने मढवलेले असे आणि कापडावरचा रंग वेगळ्या रोगणात कालवलेला असे. तो धातूवरच्या रंगाहून निराळा विटे. एकाच विमानावर दोन-तीन हिरवे दिसत, ते यामुळेच.

मग 'खरा' रंग कोणता? छायाचित्रांची साक्ष काढावी, तर सकाळचे ऊन आणि ढगांची सावली रंग पालटवतात, आणि छायाचित्राची रंगद्रव्ये स्वतःही विटतात. अधिक भरवशाची साक्ष विमानाच्या अंगावरच सापडते. जून १९४३ मध्ये राष्ट्रचिन्हातील ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे जोडण्याचा आदेश निघाला. जुन्या विमानांवर हे पट्टे मागाहून चढवले गेले आणि त्यांच्याखालच्या हिरव्याचा उन्हाशी संबंध तुटला. पोथीतील हरताळाखाली जुने अक्षर टिकावे, तसा तो तेथे टिकून राहतो.

'फ्लॅक-बेट' नावाच्या बी-२६ विमानाचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. युरोपच्या आकाशात त्याने दोनशेहून अधिक मोहिमा केल्या. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाने त्याच्या जतनाचे काम हाती घेतले, तेव्हा ते नव्याने न रंगवता युद्धकाळातील रंगच राखण्याचे ठरवले. ठिगळे, नाकाजवळ मोहिमांची मोजदाद करणारी बाँबची चित्रे आणि विटलेला हिरवा, हे सारे मिळून ते विमान आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. युद्धानंतरच्या दशकांतही तो रंग म्हातारा होत राहिला. तेव्हा आज दिसतो तो १९४५ चाही रंग नव्हे. हे आम्हांला मान्य आहे. परंतु जुना रंग खरवडून नवा हात फिरवला, तर आपल्यापुढे उभे राहील ते कारखान्याच्या दारातले, एकही मोहीम न केलेले विमान. वैमानिक ज्यात बसून गेले, ते नव्हे. आणि खरवडलेला थर पुन्हा मिळत नाही.

वर्गात 'मूळ पाठ' हा शब्द आम्ही आजही वापरतो. फक्त आता त्याच्यामागे एक प्रश्न जोडतो : मूळ, म्हणजे कोणत्या दिवशीचा?