नगरचा गांजा, छावणीची रम आणि अधिकारपदाची पात्रता

आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जुन्या अहमदनगर जिल्ह्याचा विषय निघाला, की भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि अलीकडच्या काळातील रणगाड्यांची छावणी यांचे स्मरण कोणासही होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या अबकारी दप्तरात हा जिल्हा ज्या पिकाकरिता प्रसिद्ध होता ते पीक गांजाचे होते, ही गोष्ट खुद्द नगरकरांच्याही विस्मृतीत गेलेली दिसते. 1878 च्या अबकारी कायद्याने मादक पदार्थ सरकारी परवान्याच्या कक्षेत आणले होते, आणि किरकोळ विक्रीचा मक्ता लिलावाने दिला जाई. पीक मोठे कष्टाचे. फुलोरा येण्याच्या सुमारास शेतकऱ्याने ओळीओळीने फिरून नर झाडे हेरावी आणि उपटून टाकावी, कारण एखादे जरी नजरेतून निसटले तरी आसपासच्या मादी झाडांस बी धरून माल हलका होई.

हा माल शेवटी ज्याच्या ओंजळीत जाई त्याचा विधीही ठराविक असे: तळहातावर गांजा पाण्याने चोळून धुवावा, चिमूटभर तंबाखू मिसळावी, चिलमीत खडा टाकून वर तो दाबावा, त्यावर निखारा ठेवावा आणि बुडाशी ओली छापी गुंडाळून दम मारावा. बैरागी, फकीर, हमाल, रात्रीचा पहारेकरी, असे नाना थरांतले लोक या चिलमीभोवती जमत. आणि त्यांच्यात पलटणीतला शिपाईही असतो काय, हा प्रश्न सरकारला पडला.

तो पडण्याचे निमित्त विलायतेतील होते. मद्यनिषेधाचे कैवारी विल्यम केन यांनी मार्च 1893 मध्ये पार्लमेंटात गांजाचा विषय काढला, आणि त्याच वर्षी जुलैत मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचे कमिशन नेमण्यात आले. या कमिशनाने 1,193 साक्षी घेतल्या, आणि देशी फौजेसंबंधीच्या उत्तरांची एक स्वतंत्र पुरवणी काढण्यात आली. 1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी न घालता कर आणि परवाने यांच्या द्वारे नियंत्रण राखावे. अबकारीचा वसूल ज्यास हवा त्या सरकारला हा निष्कर्ष गैरसोयीचा नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मला येथे महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. शिपाई आज नशा करतो काय आणि त्याने कवायतीत वा शिस्तीत उणेपण येते काय, एवढीच तत्कालीन लष्कराची चौकशी होती. त्याने पूर्वी कधी चिलीम ओढली होती काय, हा पात्रतेचा प्रश्न नव्हताच. पात्रता ठरे ती जन्मावरून. ज्या महार समाजातील शिपायांनी मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्या समाजाची भरती गांजाच्या चौकशीच्याच सुमारास, म्हणजे 1892 नंतर, लढाऊ जातींच्या सिद्धान्तापायी बंद झाली, आणि निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांना 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज सिद्ध करावा लागला. त्या शिपायांचे व्यसन कोणी विचारले नाही, निर्व्यसनीपणाही कोणी विचारला नाही.

अधिकारपदाची कथा तर याहून संकुचित. हिंदी माणसाची मजल सुभेदार-मेजरापर्यंत. राजाची सनद त्याला मिळू लागली ती पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजात उमेदवारांचा वर्ग निघाला तेव्हा, आणि त्या निवडीतही घराण्याची राजनिष्ठा हीच मोठी शिफारस असे. डेहराडूनची अकादमी 1932 ची. उमेदवाराच्या मनोवृत्तीची पद्धतशीर पारख करणारी निवड मंडळे तर दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आली.

दारूचा न्याय मात्र प्रथमपासून वेगळा होता. 1803 च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, त्या काळी गोऱ्या शिपायाच्या शिध्यात दारूचा हिस्सा धरलेलाच असे, आणि पुढे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये प्याला उंचावणे हा शिष्टाचारच ठरला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्य कोरडे केले, तरी लष्करी मेस व कँटीन यांना सूट राहिली. ही सूट समतेच्या तत्त्वास बाधक आहे असे उच्च न्यायालयाने ठरविले. परंतु 1951 मध्ये त्याच बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध मानली. नगर शहरात ज्या पेयासाठी माणूस चौकीवर जाई, ते लगतच्या छावणीच्या मेसमध्ये कायद्याच्या छत्राखाली घेतले जाई.

भूतकाळाचा जाब विचारण्याची प्रथा त्यानंतरची. अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा 1985 चा. त्याने गांजाचे सेवन हाच गुन्हा ठरविला, परंतु व्याख्येतून फुलोऱ्याविरहित पाने वगळली, म्हणून शिवरात्रीची भांग त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटते. आज नगर जिल्ह्यातील एखाद्या मुलाने खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे स्वप्न पाहिले, तर त्याला लेखी परीक्षा आणि निवड मंडळ यांबरोबर वैद्यकीय मंडळ व पोलिसी पडताळणी यांतूनही जावे लागते. हवाई दलाचे वैद्यकीय निकष तर मद्य वा अंमली पदार्थ यांच्या आहारी गेलेला उमेदवार अपात्र, असे स्पष्ट सांगतात. आहारी जाणे आणि वसतिगृहात एकदा झुरका मारणे यांत भेद आहे, आणि मंडळाने तो करावा असे माझे मत आहे. परंतु अटक झाली असेल, खटला झाला असेल, तर पडताळणीच्या तक्त्यात ते लपविणे हा वेगळा आणि बहुधा अधिक घातक अपराध होतो. सरकारी नोकरीतील अशा लपवाछपवीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे: माहिती खरीच दिली पाहिजे, आणि तरुण वयातील क्षुल्लक अपराध असेल तर तो दडविला गेला असताही क्षम्य मानण्याचा विवेक नियोक्ता वापरू शकतो.