कॅप्टन नेमोचा दुसरा भाग

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला की दोन-तीन दिवस आमच्या धर्मापुरीच्या घरात त्याच्या सिनेमांचं राज्य असतं. यंदा त्यानं लॅपटॉप मांडून मला 'टर्मिनेटर' दाखवला. आधी १९८४ चा पहिला भाग, मग १९९१ चा दुसरा आणि शेवटी २०१९ साली आलेला 'डार्क फेट'. पहिल्या भागात माणसं मारायला भविष्यातून आलेलं यंत्र दुसऱ्या भागात एका पोराचं राखणदार होतं. इथपर्यंत स्वारी खूश होती. 'डार्क फेट' सुरू झाला आणि ती तावातावानं बोलायला लागली.

"आजोबा, ज्या पोराला वाचवायला दोन सिनेमे खर्ची घातले, त्याला सुरुवातीलाच मारून टाकलं! आणि मारणारं यंत्र पुढे काय करतं माहितेय? नाव बदलून संसार थाटतं आणि पडदे विकतं. खिडकीचे पडदे!"

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, माणूस बदलतो, मग यंत्र का नाही बदलणार?"

"बदलू दे ना. दुसऱ्या भागात बदललंच होतं की. पण तिथे तो पोरगा त्याला शिकवतो, ते हळूहळू शिकतं, आपल्याला सगळं दिसतं. इथे मधली वीस वर्षं गायब, आणि आम्ही नुसतं मान्य करायचं?"

पोरगं बोलून गेलं, पण मला रात्री झोप येईना. साधारण चाळीस वर्षांपूर्वी असाच राग एका विद्यार्थ्यानं माझ्यावर काढला होता. तेव्हा नायक होता कॅप्टन नेमो, आणि त्याला बिघडवणारा होतो मी. ती गोष्ट आज लिहून टाकतो.

त्या वेळी मी जवळच्याच एका गावात शाळेवर होतो. मराठी आणि इतिहास शिकवायचो. एखादे गुरुजी रजेवर असले की रिकामा तास माझ्याकडे यायचा आणि मुलं "सर, गोष्ट!" म्हणून ओरडायची. भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत सफर' अशी ज्यूल व्हर्नची पुस्तकं मराठीत आणली, तेव्हापासून माझं त्या फ्रेंच माणसावर प्रेम. नेमोची गोष्ट मी त्या पोरांना तीन-चार आठवडे पुरवून पुरवून सांगितली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हर्नची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः छापली गेली. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही'. त्याची 'नॉटिलस' ही पाणबुडी विजेवर चालते. तो माणसांच्या वस्तीत पाय ठेवत नाही, कुठल्याही देशाचा कायदा मानत नाही. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला तो शार्कच्या तोंडातून सोडवतो आणि वर मोत्यांची पिशवी देतो. तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रीटच्या लोकांना सोनं पोचवतो. पण तोच माणूस शेवटी एक लढाऊ जहाज माणसांसकट बुडवतो, काचेतून ते बुडताना पाहतो आणि मग एका बाईच्या आणि दोन लेकरांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. हा कोण, कुठला, कुणाचा सूड घेतोय, हे पुस्तक सांगतच नाही.

मुलं वेडी झाली होती. मधल्या सुट्टीत ओढ्यात नॉटिलस सोडायची. त्यांत एक पोरगा होता. फार बोलायचा नाही, मागच्या बाकावर बसायचा. त्याच्या वडिलांचा बांधाच्या भांडणात खून झाला होता. कोर्टात केस चालू होती आणि भावकी समोरासमोर राहत होती. जहाज बुडतं तो भाग मी सांगितला, त्या दिवशी हा पोरगा पहिल्यांदा बाकावर पुढे सरकून बसला. तास संपल्यावर माझ्यामागे आला आणि म्हणाला, "सर, त्यानं बराबर केलं."

मी काहीच बोललो नाही. पण मनात धास्ती बसली.

आता दुसरा भाग. 'रहस्यमय बेट' ही कादंबरी १८७४-७५ मध्ये आली. मी ती संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीत, शेजारी शब्दकोश ठेवून वाचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात पाच माणसं आणि एक कुत्रा फुग्यातून पळतात आणि निर्जन बेटावर पडतात. तिथे कुणीतरी अदृश्य हात त्यांना मदत करत असतो. अवजारांनी भरलेली पेटी किनाऱ्यावर सापडते. पोराला जीवघेणा ताप येतो तर उशाशी क्विनाइन येऊन पडतं. चाच्यांचं जहाज पाण्याखालच्या स्फोटानं उडतं. अखेरीस कळतं की बेटाखालच्या गुहेत नॉटिलस अडकून पडलीय आणि आत पांढऱ्या दाढीचा नेमो मरणपंथाला लागलाय. तिथे तो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, राजपुत्र डक्कर. युरोपात शिकलेला, १८४९ मध्ये परतलेला, सत्तावनच्या उठावात दहा वेळा जखमी झालेला, आईवडील, बायको, मुलं सगळं गमावलेला.

हे सांगितलं तेव्हा वर्गात केवढा गलका झाला! "आपला हाय सर, आपला हाय!" इतके दिवस ज्याला ते गोरा साहेब समजत होते तो आपल्यातला निघाला.

मीही फुशारून गेलो. फळ्यावर नकाशा काढला. सत्तावनचं बुंदेलखंड म्हणजे निम्मी मराठी नावं. झाशीची राणी नेवाळकरांची सून, बांद्याचा नवाब अली बहादूर थोरल्या बाजीराव-मस्तानीच्या वंशातला, काल्पीला तात्या टोपे. आमच्या वरसईचे गोडसे भटजी त्याच धामधुमीत झाशीत अडकले होते आणि त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला, हेही सांगितलं. तेवढ्यात एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, "मग सर, तवा आपण कुणाच्या बाजूनं होतो?"

इथे मास्तर अडखळला. कारण आम्ही निजामाच्या मुलखातले. १७९९ साली श्रीरंगपट्टणात टिपू पडला, तेव्हा निजामाची फौज इंग्रजांबरोबर होती. सत्तावनमध्ये हैदराबादचा दिवाण सालारजंग इंग्रजांना धरून राहिला. औरंगाबादेत घोडदळानं बंड केलं, १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेले, पण दरबार जागचा हलला नाही. मी म्हटलं, "राज्य एका बाजूला होतं, माणसं दोन्ही बाजूंना होती." अजूनही मला याहून बरं उत्तर सुचलेलं नाही.

हिशेबी वाचक इथे शंका काढतील, आणि त्या रास्त आहेत. डक्कर हे नाव आपल्याकडचं वाटत नाही. बुंदेलखंडच्या राजाचं टिपूशी नातं जुळवायचं कसं? आणि दोन पुस्तकांतल्या तारखा तर एकमेकींशी भांडतात. १८६८ मध्ये मरणारा नेमो पहिल्या पुस्तकातली सफर सोळा वर्षांपूर्वीची म्हणून सांगतो, आणि पहिल्या पुस्तकात तिची सालं १८६६ ते ६८ अशी दिलेली! ही विसंगती इतकी उघडी होती की कादंबरीतच तळटीप टाकून कबूल करावी लागली. म्हणजे दुसऱ्या भागानं पहिल्याशी मेळ राखला नाही ही तक्रार काही आजची नाही.

त्याच्यामागचं कारण मला पुढे कळलं. व्हर्नच्या मनातला नेमो मुळात पोलंडचा सरदार होता. १८६३ च्या पोलिश उठावात रशियानं ज्याचं घरदार मारलं असा. बुडणारं जहाज रशियन. पण प्रकाशक एत्झेल घाबरला, कारण रशियात पुस्तकं खपत होती. त्यानं सुचवलं की शत्रू गुलामांचे व्यापारी करून टाका. व्हर्न म्हणाला, नाही. शेवटी नेमोला ना देश राहिला ना शत्रूचं नाव. दुसऱ्या भागात तो हिंदी झाला, शत्रू इंग्रज झाला. आपल्याला ज्याचा एवढा अभिमान, तो मूळचा दुसऱ्याच देशाचा! पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याचं घर जळलं त्याचं दुःख पोलंडचं काय आणि बुंदेलखंडचं काय, सारखंच.

आता माझा गुन्हा.

त्या पोराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. म्हणून मरणाऱ्या नेमोच्या तोंडी मी माझे शब्द घातले. मी सांगितलं की त्याला पश्चात्ताप झाला, त्यानं सगळ्या शत्रूंना क्षमा केली आणि सूड घेऊन मन शांत होत नाही असं सांगून त्यानं डोळे मिटले. छान रंगवून सांगितलं. काही मुलींच्या डोळ्यांत पाणीही आलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे पुस्तकात लिव्हलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"न्हाई. हे तुमी लावलंय. त्यो असा न्हवता." एवढं बोलून तो खाली बसला. त्यानंतरच्या गोष्टीच्या तासांना तो खिडकीबाहेर बघत राहायचा. दहावी झाली, तो गेला.

पुस्तकात काय आहे? क्षमेचा एक शब्द नाही. नेमो त्या अमेरिकन लोकांना आपलं सारं आयुष्य सांगतो आणि विचारतो, माझं बरोबर होतं की चूक? त्यांचा म्होरक्या सायरस स्मिथ म्हणतो की गेलेला काळ परत आणता येईल असं तुम्हाला वाटलं, ही तुमची चूक. पण अशा चुकीला कुणी नावं ठेवतं, कुणी तिचं कौतुक करतं, निवाडा देवाकडे. मेल्यावर ते नॉटिलस समुद्रात बुडवतात. नेमो बदलतो, हे खरं. पण का? सुरुवातीला तो या माणसांना टाळतो. मग लपून त्यांचं कष्ट करणं, एकमेकांना जीव लावणं पाहत राहतो आणि त्यालाही त्यांचा लळा लागतो. हे सगळं पुस्तकात आहे. ते नीट सांगितलं असतं तर पुरे होतं. मी तेच गाळलं आणि उपदेश चिकटवला.

गंमत म्हणजे एत्झेलनंही तेच केलं होतं. व्हर्नच्या हस्तलिखितात नेमोचा शेवटचा शब्द होता 'स्वातंत्र्य'. छापताना प्रकाशकाच्या आग्रहानं तिथे देव आणि देश आले. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि लाजही वाटली. धंद्यासाठी म्हणा, संस्कारासाठी म्हणा, आम्ही दोघांनी मरणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द बदलले.

व्हर्न स्वतःही काही कमी नाही. नेमोनंतर पाचच वर्षांनी, १८८० साली, त्यानं वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीची कादंबरी लिहिली. तिच्यात सत्तावनचा खराखुरा माणूस आहे, आपले नानासाहेब पेशवे. पण ते खलनायक म्हणून. कल्पनेतल्या बंडखोराला त्यानं थोर केलं आणि इतिहासातल्या बंडखोराला काळं फासलं. पडद्यावरही तसंच. १९५४ च्या प्रसिद्ध सिनेमात नेमो झाला इंग्रज नट जेम्स मेसन. २००३ साली नसीरुद्दीन शाहांनी एका हॉलिवूडपटात नेमो केला, तेव्हा कुठे राजपुत्राला आपला चेहरा मिळाला.

असो. तो पोरगा मला बऱ्याच वर्षांनी महाशिवरात्रीला केदारेश्वराच्या देवळात भेटला. कडेवर मुलगी होती. पाया पडला. इकडचं तिकडचं झालं. बांधाची केस तडजोडीनं मिटवली म्हणाला. मी विचारलं, "कशी काय?" तर म्हणाला, "लई वर्सं चालली सर. त्यांची पोरं आन् माझी पोरगी एकाच बालवाडीत जातेत."

म्हणजे माझ्या गोष्टीचा त्यात काडीचा वाटा नव्हता. मला वाटलं, आता सांगून टाकावं. देवळाच्या ओट्यावर बसून मी त्याला सांगितलं की तू म्हणालास ते खरं होतं, क्षमेचं मीच लावलं होतं, पुस्तकात नेमो फक्त विचारतो, माझं बरोबर होतं की चूक.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे बरंय. असं तवाच सांगायचं होतं सर."

परवा नातवाला ही सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे आजोबा, तुमच्या सीक्वेलला त्यानं नापास केलं." म्हटलं, हो बाबा, केलं. आणि बरोबर केलं. नायक बदलला म्हणून कुणी रागावत नाही. त्याचा बदल पुरता न दाखवता आपल्याला पढवायला निघालं, की मागच्या बाकावरचा पोरगाही ते ओळखतो.

तुमच्यापैकी ज्यांनी नेमो लहानपणी वाचलाय त्यांनी जरूर कळवा, तुम्हाला कोणता आवडला? जहाज बुडवणारा की क्विनाइन ठेवून जाणारा?