आभाळाखालची खोली

वास्तुरचनाकार म्हटला की त्याच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी इमारती पुष्कळ उभारल्या. पण त्यांचा विचार त्याहून दूर पोचला. १९६४ च्या सुमारास प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी सुचवले, की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवा. १९६५ मध्ये 'मार्ग'ने तो प्रस्ताव छापला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पुढे १९८५ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते.

त्यांच्या सिद्धांताचे सार साधे आहे. आपल्या हवेत आभाळाखालची मोकळी जागा ही घराचीच एक खोली असते. आम्हा खालापूरकरांना हे नवे नाही. घर मोहल्ल्यातले असो की ठाकरवाडीतले, भात वाळवणे, पोरे खेळवणे, उन्हाळ्यात निजणे, सारे अंगणातच.

१९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला त्यांनी हा विचार जमिनीवर उतरवला. सात घरे आणि मध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचे अंगण. अशी तीन अंगणे मिळून एक मोठे अंगण. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. त्यामुळे कुटुंब वाढले, हातात पैसा आला, की गवंडी बोलावून ज्याने त्याने आपले घर वाढवावे. पुढे अनेकांनी मूळ घरे पाडून मजले चढवले. काही जाणकार हळहळले. मला मात्र त्यात रहिवाशांचा हक्क दिसतो. तो आराखड्यानेच दिला होता.

हे आज सांगण्याला कारण आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. वाचलेल्यांसाठी सिडकोनेच चौकजवळ घरे बांधली. घर पक्के हवे, सुरक्षित जागी हवे, यात वाद नाही. परंतु डोंगरउतारावरच्या इतरही वाड्या उद्या हलवाव्या लागतील. तेव्हा भिंती-छपराबरोबर हेही विचारले पाहिजे: जळण कुठे रचायचे? कोंबड्या कुठे डालायच्या? थोरल्याचे लग्न झाले, तर खोली कुठे काढायची? दरडीतून वाचलेल्या माणसाला निवारा देणे हे सरकारचे कर्तव्यच. त्या निवाऱ्याला अंगण जोडले, तर पुन्हा वाडी वसेल.