भित्रेपणा : स्वभाव की इतिहास?

ॲरिस्टॉटलपासून शोकात्मिकेच्या चर्चेत नायकाच्या प्रमादाला मध्यवर्ती स्थान आहे. द्यूताच्या आहारी जाणारा युधिष्ठिर ह्या चौकटीत बसतो. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या ग्रंथातला वारली मात्र बसत नाही. आज तलासरी तालुक्यात असलेल्या उधव्याच्या मुलखातला हा माणूस जमीनदाराच्या लेखी आळशी आणि भित्रा. लेखिका त्याची भीती नाकारीत नाहीत, तिची वंशावळ मांडतात. लग्नाच्या कर्जापायी नवरा आणि त्याची बायकोही सावकाराकडे राबत. ह्या 'लग्नगड्या'चा भित्रेपणा स्वभावदोष कसा मानावा? २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेत वेठ नाकारण्याचे ठरले. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले, तरी १९४६ मध्ये संप झालाच. पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हटला गेलेला 'स्वभाव' दीड वर्षही टिकला नाही.

ग्रंथाची मर्यादा (मला ती गंभीर वाटते) निवेदनात आहे. 'जागा होतो' म्हणताना आधीची निद्रा गृहीत धरली जाते. आणि हे प्रथमपुरुषी निवेदन जागे करणारीचे असल्याने, जागा होणाऱ्याचे मन आपल्यापर्यंत तिच्याच शब्दांतून पोहोचते.